सिग्नलला किंचाळणारे ब्रेक

गाडी छान धावते, ब्रेक दाबला की मुकाट थांबते, तरी सिग्नलपाशी शेवटच्या दहा-पंधरा फुटांत पुढच्या चाकातून ‘चींऽऽ’ अशी किंकाळी निघते आणि शेजारचा रिक्षावाला मान वळवून बघतो. गॅरेजमध्ये विचारावं तर उत्तरं दोनच: ‘पॅड बदलून टाकू’ किंवा ‘डिस्क ब्रेकचं असंच असतं, साहेब’. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात आवाज राहतो. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. पॅड शिल्लक असतात, डिस्कही ठीक असते; बिघडलेलं असतं ते पॅडचं बसणं. जिथे तो मोकळा सरकायला हवा तिथे गंजाने अडकलेला असतो आणि जिथे घट्ट हवा तिथे खुळखुळत असतो. हे घरच्या पार्किंगमध्ये सुधारता येतं. मात्र पाना हातात घेण्याआधी आवाज नीट ऐकावा, कारण ब्रेकचा प्रत्येक आवाज एकाच दुखण्याचा नसतो.

जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आणि थोडी किंचाळी येतेच. डिस्क ओतीव लोखंडाची असते आणि तिच्या घासणाऱ्या अंगाला रंग देता येत नाही. एका ओल्या रात्रीत तिच्यावर नारिंगी गंज चढतो आणि सोसायटीच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत पॅड तो घासून काढतात. गाडी धुतल्यावरही हेच होतं. याला औषध नाही आणि गरजही नाही.

गाडी चालताना सतत बारीक शिट्टी येते आणि ब्रेक दाबला की ती बदलते किंवा थांबते, हा आवाज मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. पॅडच्या पाठीच्या पत्र्याला पोलादाची एक छोटी पट्टी बसवलेली असते. घासणारा थर 2-3 मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. गाडीच्या मालकाला ऐकू जावं म्हणूनच कंपनीने केलेली ही सोय आहे. तेव्हा ग्रीस-बीस न शोधता पॅड बदलावेत. ती शिट्टी दुर्लक्षून चालवत राहिलं की पुढचा आवाज ‘खर्रर्र’ असा येतो. तेव्हा थर संपून पाठीचा पत्राच डिस्कवर घासत असतो. अशा गाडीने गॅरेजपर्यंत जाण्याऐवजी मेकॅनिकला घरी बोलावणं शहाणपणाचं. बाजारातल्या काही स्वस्त पॅडना ही पट्टीच नसते, त्यामुळे शिट्टी वाजली नाही म्हणून थर शाबूत असेलच असं नाही.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक चाकातून कर्कश किर्रकिर्र सुरू झाली आणि ब्रेकशी तिचा काही संबंध दिसत नसेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या झाकणात खडा अडकलेला असतो. गाडी थोडी मागेपुढे केली की बहुधा तो पडतो. आणि ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थडथडत असेल तर डिस्कची जाडी फिरताना सगळीकडे सारखी राहिलेली नाही. ते वेगळं प्रकरण, लेथवर डिस्क घासायचं किंवा बदलायचं.

हे सगळं वगळल्यावर उरते ती खरी किंकाळी: वेग कमी, पेडलवर पाय हलका, आवाज बारीक आणि लांबलचक. जोरात ब्रेक दाबला तर ती बऱ्याचदा येतच नाही.

ती येते कुठून? पॅड डिस्कवर घासतो म्हणून, असं कुणीही सांगेल. पण घासणं तर दर वेळी होतं आणि आवाज दर वेळी होत नाही. घर्षण कधीच एकसारखं नसतं. पॅड क्षणभर डिस्कबरोबर ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो. या अतिसूक्ष्म धक्क्यांनी पॅड थरथरतो, तशीच डिस्कही. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची वारंवारता असते. पॅडची आणि डिस्कची वारंवारता जवळजवळ आली की घर्षण त्या दोघींची गाठ बांधून देतं. मग फिरत्या चाकातली ऊर्जा त्या थरथरीत ओतली जाते आणि ती कमी होण्याऐवजी वाढत जाते. डिस्क एखाद्या थाळीसारखी नुसती वाजत नाही, ती वाजत राहते. हा आवाज साधारणपणे सेकंदाला 1,000 कंपनांपासून 16,000 कंपनांपर्यंत कुठेही असतो. माणसाचा कान 2,000 ते 5,000 कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून लहानशी थरथरही इतकी बोचते.

शाळेतल्या फळ्यावर खडू किंचाळायचा तेव्हा गुरुजी काय करायचे? खडू मोडून अर्धा करायचे. खडू तोच, फळा तोच, हातही तोच. पण तुकडा आखूड झाल्याने त्याची थरथरण्याची वारंवारता बदलायची आणि आवाज बंद. ब्रेकचे सगळे उपाय दोनच मार्गांनी जातात. एक तर पॅडची वारंवारता डिस्कच्या वारंवारतेपासून दूर ढकलायची, नाहीतर थरथर शोषून घेणारं काहीतरी मध्ये घालायचं. पॅडच्या पाठीला चिकटवलेला रबराचा थर असलेला पातळ पत्रा, म्हणजे शिम, हे दुसरं काम करतो. सर्व्हिसिंगमध्ये घाईघाईने पॅड बदलताना हा शिम फेकून दिला जातो आणि मग नवे कोरे पॅड पहिल्याच दिवशी ओरडू लागतात.

हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये मोटारीच्या डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांनी घासायला तांबं वापरलं होतं आणि धातूवर धातू घासल्याने होणारा आवाज असह्य होता. हर्बर्ट फ्रूड यांनी 1907 च्या सुमारास पॅडला अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावायची कल्पना काढली तेव्हा तो बराच आवरला. फेरोडो हे नाव ज्यांना पॅडच्या खोक्यावर वाचून माहीत आहे, ती कंपनी याच फ्रूड यांची. तरी डिस्क ब्रेकला प्रतिष्ठा मिळाली ती थेट 1953 मध्ये, डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने फ्रान्समधली ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली तेव्हा. शर्यतीत ब्रेक ओरडला तर कुणाचं काही बिघडत नाही, सिग्नलला बिघडतं. म्हणून गाडी बनवणाऱ्या कंपन्या आजही नव्या ब्रेकच्या आवाजासाठी स्वतंत्र चाचण्या घेतात, आणि त्यातला बराच भाग अगदी मंद वेगाचा, हलक्या दाबाचा असतो.

आपल्याकडे यात घाटाची भर पडते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. या उताराची ऊर्जा मोजली तर ताशी 80 किलोमीटरने जाणारी तीच गाडी पूर्ण थांबवायला जितकी लागते तिच्या वीसपटीहून जास्त भरते. गाडी छोटी असो की मोठी, हे प्रमाण बदलत नाही. गिअर खालचा ठेवला तर यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. पेट्रोल वाचतं या समजुतीने न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे मात्र सगळा भार पॅडवर टाकतात. (पेट्रोलही वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.) फार तापलेल्या पॅडमधली रेझीन वर येऊन कडक होते आणि पृष्ठभाग काचेसारखा चमकू लागतो. असा पॅड डिस्कला नीट धरत नाही, नुसता घसटत राहतो, आणि पुढच्याच सिग्नलला बोलतो.

आता काम. सपाट, पक्की जमीन हवी. सोसायटीतला उतार नको. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. चाक उचलल्यावर ते गरगर फिरतं आणि व्हीलपाना निसटतो. जॅक गाडीच्या खुणेच्या जागीच लावा. गाडीसोबत येणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कुणीही गाडीखाली हात किंवा डोकं घालू नये. गाडी उचलली की खाली स्टँड लावा. निघालेलं चाकही आडवं करून गाडीखाली सारून ठेवावं. एवढी तयारी करायचा कंटाळा येत असेल तर हे काम करूच नये, हे माझं स्पष्ट मत.

चाक निघालं की डिस्कवर मिठी मारून बसलेला कॅलिपर दिसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो मागच्या बाजूला दोन बोल्टवर असतो, 12 किंवा 14 चा पाना लागतो. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर फिरून उचलला जातो. तो पूर्ण काढला तर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. तारेने स्प्रिंगला बांधा. यानंतर ब्रेक पेडलला कुणी पाय लावायचा नाही, पोरांना गाडीत बसू द्यायचं नाही, नाहीतर कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन बाहेर येईल. आणि एका वेळी एकच बाजू उघडा: काय कुठे होतं याची शंका आली तर दुसरं चाक उत्तर द्यायला तयार असतं.

ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नये, कंप्रेसरच्या हवेनेही उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि नव्यांतली भुकटीही फुप्फुसात जाण्याच्या लायकीची नसते. मास्क लावून ब्रेक क्लीनरच्या स्प्रेने ती ओली करून पुसावी.

पॅड हातात घेऊन उजेडात बघा, कारण आवाजाची सगळी हकिगत त्यावर लिहिलेली असते. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा. थर दोन्हींवर साधारण सारखा असेल तर कॅलिपर नीट सरकतोय. एकावर 7 मिलिमीटर आणि दुसऱ्यावर 4 असेल तर कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती अडकली आहे. एकाच पॅडचा थर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा तिरपा झिजला असेल तर पॅडचा कान खाचेत आवळला जातोय. पृष्ठभाग चमकत असेल तर तो तापून काचेसारखा झाला आहे. आणि कडेला तेलकट, काळपट डाग असेल तर तो पॅड कामातून गेला. तेल किंवा ब्रेक ऑइल आत मुरलेला पॅड घासून, जाळून, धुऊन परत कामाचा होत नाही. थर 3 मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर उरलेली मेहनत नव्या पॅडवर करावी. पॅड बदलायचे तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

चमक घालवायला 80 ते 120 नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या किंवा फरशीच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि पॅड त्यावर आठाच्या आकारात फिरवा. सगळीकडे सारखा मळकट, रुक्ष रंग दिसला की थांबा. थर कमी करायचा नाही, फक्त साय काढायची. मग कानशीने थराच्या दोन्ही टोकांच्या धारदार कडा थोड्या तिरप्या करा. डिस्कला आधी टेकणारी कड सर्वांत जास्त चावते, आणि कड गेली की पॅडची टेकण्याची लांबीही किंचित घटते. चांगल्या कंपनीचे बरेच पॅड कारखान्यातूनच अशा तिरप्या कडांचे येतात.

पण खरा दोष बहुतेक वेळा पॅडमध्ये नसून त्याच्या घरात असतो. पॅडचे दोन कान ज्या कंसात बसतात तिथे पोलादाच्या पातळ क्लिपा असतात. त्या बाहेर ओढून काढा आणि मागची जागा बघा. तिथे गंजाचा पापुद्रा फुगलेला असतो, नखाने उकरला तर खपल्या निघतात. क्लिपेला तो मागून ढकलतो, क्लिप पॅडला आवळते आणि ब्रेक सोडल्यावर पॅड मागे सरकतच नाही. डिस्कला हलका टेकून राहतो. हलका दाब, मंद वेग: किंचाळण्यासाठी याहून चांगली सोय नाही. पुण्या-नाशिकच्या गाडीत हा गंज दिसतो, पण रत्नागिरी किंवा पणजीतल्या, समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत तो लवकर आणि जाड येतो. तारेच्या ब्रशने घासून लोखंड दिसेपर्यंत जागा साफ करा. क्लिपा वाकलेल्या असतील तर नव्या घाला. त्यांचा सेट स्वस्तात मिळतो. आता पॅड हाताने आत घालून बघा: बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे, पण डगडगता कामा नये.

दुसरी जागा कॅलिपरच्या पिना. रबरी बूट बाजूला करून पिन ओढली की चांगल्या गाडीत ती ओल्या, पारदर्शक ग्रीसमध्ये गुळगुळीत बाहेर येते. दुर्लक्षित गाडीत पिळून काढावी लागते आणि तिच्यावर वाळलेली, गुळाच्या पाकासारखी चिकट पुटं असतात. ती पुसून, भोक साफ करून नवं ग्रीस लावा. इथे लोक हमखास घोळ करतात. बेअरिंगला लावायचं साधं ग्रीस इथे चालत नाही. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं आणि आठवडाभर ठीक वाटणारी पिन महिन्याभरात आणखी आवळते. सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठी म्हणूनच विकलं जाणारं ग्रीस घ्यावं. बूट फाटला असेल तर तो बदलल्याशिवाय या मेहनतीला अर्थ नाही. पहिल्या पावसात पाणी आत जाईल.

ग्रीस आणखी दोन ठिकाणी लागतं: पॅडच्या कानांवर आणि पॅडच्या पाठीवर जिथे पिस्टन व कॅलिपरची बोटं टेकतात तिथे. तेही उष्णता सोसणारं, आणि बोटाने पुसल्यावर उरेल इतकंच. जास्त लावलेलं ग्रीस तापून ओघळतं आणि पॅडच्या तोंडापर्यंत पोचतं. घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचा कणही लागू नये. ‘डिस्कवर थोडं तेल मारा, आवाज जातो’ हा सल्ला चहाच्या टपरीपासून सगळीकडे मिळतो. आवाज जातो, हे खरंच आहे. ब्रेकही जातो.

जुना आणि नवा पॅड यांत जाडीचा फरक असल्याने नवे घालताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याच्यावर जुना पॅड ठेवून जी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा, कारण मागे गेलेलं ऑइल तिथेच वर येतं आणि सांडलं तर गाडीचा रंग उतरवतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 चं नवं ऑइल किमान 230 अंशांना उकळतं, ओल मुरलेलं 155 अंशांपर्यंत उतरतं, आणि घाटात हा फरक पायाला कळतो. मागच्या चाकांनाही डिस्क असेल तर सांभाळून: अशा अनेक गाड्यांत तो पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, आणि बटनाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो. क्लॅम्पने जोर लावला तर महागडा कॅलिपर बाद होतो. ते गॅरेजवर सोडावं.

सगळं उलट क्रमाने बसवा. चाकाचे नट आधी हाताने फिरवून बसवा, मग समोरासमोरचे जोड्यांनी आवळा आणि गाडी खाली आल्यावर शेवटचा जोर द्या. किती, ते मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क रेंच असेल तर उत्तम. इंजिन चालू करण्याआधी पेडल दाबा. पहिल्यांदा ते थेट फळीला टेकेल, कारण पिस्टन मागे गेलेला आहे. पाचसहा वेळा पंप केल्यावर घट्ट होतं. हे न करता गाडी पार्किंगमधून बाहेर काढली तर पहिला ब्रेक लागत नाही. घट्ट झालेलं पेडल स्पंजासारखं दबत असेल तर आत हवा आहे, ती काढल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

घासलेले असोत की नवे, पॅड डिस्कवर रुळवावे लागतात. मोकळा रस्ता बघून ताशी 60 वरून 10-15 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पुन्हा वाढवा, पुन्हा उतरवा, असं आठदहा वेळा. मध्ये पूर्ण थांबू नका, कारण तापलेला पॅड एका जागी डिस्कला दाबून राहिला की तिथे त्याचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थडथडू लागतं. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवा, म्हणजे डिस्क निवते. पॅडच्या पदार्थाचा एक पातळ, करडा थर डिस्कवर सारखा पसरतो आणि यापुढे पॅड लोखंडावर न घासता या थरावर घासतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर दोन शक्यता उरतात. पॅडच्या मिश्रणात धातूचा अंश जास्त असेल. असे पॅड उष्णतेला टिकतात पण थंडपणी बोलतात, आणि रोजच्या शहरी गाडीला त्यांची गरज नसते. गाडीच्या कंपनीचे किंवा तशाच मऊ मिश्रणाचे पॅड, शिम आणि क्लिपांसकट घ्यावेत. नाहीतर डिस्क पातळ झाली असेल. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मापकाने मोजून त्याखाली गेली असेल तर लेथवर न नेता दोन्ही चाकांच्या डिस्क बदलाव्यात, आणि नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसल्यावरच पॅड घालावेत.